वर्गात टीव्ही आहे, मग सर लावत का नाहीत?

१५ ऑगस्टला झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटून झाली की आमच्या शाळेत एक प्रश्न ठरलेला असतो. गावातलं कुणीतरी वर्गात डोकावतं, भिंतीवरच्या टीव्हीकडं बघतं, त्याच्यावर बाईंनी शिवलेलं जुन्या साडीचं कव्हर असतं, आणि म्हणतं, "काय गुरुजी, एवढी वर्गणी काढून टीव्ही घेऊन दिला, लावता का नाही कधी?" मी हसून वेळ मारून नेतो, कारण खरं उत्तर हातात द्रोण घेऊन उभ्याउभ्या देता येण्यासारखं नाहीये. म्हणून ते इथं लिहितोय.

मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. पहिली ते चौथी, चार वर्ग, आणि शिकवायला मी आणि बाई. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबानं प्राथमिकला ६० पटापर्यंत दोन शिक्षक मिळतात, आमचा पट ४१. माझ्याकडं तिसरी आणि चौथी एकाच खोलीत. म्हणजे चौथीला शिकवताना तिसरीला काहीतरी काम देऊन बसवायचं आणि उलट. हे आधी सांगतोय कारण वर्गातलं तंत्रज्ञान हा विषय निघाला की बोलणाऱ्यांच्या डोळ्यापुढं एक खोली, एक वर्ग, एक शिक्षक असं चित्र असतं आणि निम्मी गडबड तिथूनच सुरू होते.

लोकांना वाटतं मास्तर आळशी आहेत, नाहीतर घाबरतात, नाहीतर त्यांना ट्रेनिंग नाही. तिन्हीत थोडंथोडं तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. पण खरी अडचण मिनिटांची आहे. एक तासिका ३५ मिनिटांची. त्यातली टीव्ही किती खातो ते एका दिवसाच्या हिशोबानं सांगतो.

चौथीला पाण्याचं चक्र शिकवायचं होतं. छान ६ मिनिटांचा व्हिडिओ सापडला. शाळेत रेंज फक्त पूर्वेकडच्या खिडकीत येते म्हणून आदल्या रात्री घरी स्वतःच्या नेटपॅकवर डाउनलोड केला, पेनड्राइव्हमध्ये घेतला. ११:४० ला तास सुरू. रिमोट कपाटात, कपाटाची किल्ली बाईंकडं, बाई पोषण आहाराचा तांदूळ मोजून देत होत्या. किल्ली आली, रिमोट आला, चालेना. सेल काढले, तळहातावर चोळले, परत टाकले, चालला. टीव्ही सुरू झाला, पेनड्राइव्ह लावला, चित्र आलं आणि आवाज नाही.

आता हे का होतं ते एकदा समजून घ्या, कारण हे कुणीच सांगत नाही आणि मास्तरला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. व्हिडिओची फाइल म्हणजे जेवणाचा डबा समजा. एका कप्प्यात चित्र, दुसऱ्यात आवाज, दोन्ही वेगवेगळ्या पद्धतीनं दाबून भरलेले. मोबाइलला बहुतेक पद्धती उघडता येतात, जुन्या किंवा स्वस्तातल्या टीव्हीला मोजक्याच येतात. मग चित्राचा कप्पा उघडतो, आवाजाचा उघडत नाही. घरी मोबाइलवर नीट चाललेली फाइल शाळेत मुकी होते ती अशी. उपाय एकच, आदल्या दिवशी त्याच टीव्हीवर लावून बघणं, आणि आदल्या दिवशी पण तासिका ३५ मिनिटांचीच असते.

मग मीच आवाज दिला. ढग आले की मी सांगायचो ढग आले. तोवर तिसरीच्या पोरांनी वजाबाक्या सोडून माना वळवलेल्या, त्यांचा काय दोष, आपण पण वळवल्या असत्या. १२ ला ५ कमी असताना व्हिडिओ जरा रंगात आला आणि १२ वाजता लाइट गेली. गेलेल्या २० मिनिटांत शिकवणं पाचेक मिनिटांचं. उरलेल्या १५ मिनिटांत फळ्यावर समुद्र काढला, सूर्य काढला, बाण काढले. पोषण आहाराच्या खोलीतून पातेल्यावरचं झाकण आणलं, त्याच्या आतल्या बाजूला वाफेचं पाणी जमलं होतं ते दाखवलं. पोरांना बाष्पीभवन आणि सांद्रीभवन समजलं ते झाकणामुळं.

या हिशोबातली एक गोष्ट लक्षात घ्या. किल्ली, रिमोट, वायर, पेनड्राइव्ह यात जाणारी १०-१५ मिनिटं ठरलेली आहेत, व्हिडिओ २ मिनिटांचा असो नाहीतर २५ चा. त्यामुळं होतं काय, की एवढी मांडामांड केलीच आहे तर मोठाच व्हिडिओ लावू असं मास्तरला वाटतं. आणि मोठा व्हिडिओ लावला की वर्गाचं थेटर होतं. खरं तर वर्गात उपयोग होतो तो ४० सेकंदांच्या तुकड्याचा, दाखवला, थांबवला, विचारलं, परत दाखवला. पण ४० सेकंदांसाठी १५ मिनिटं कोण घालवेल? शहरातल्या ज्या शाळांत पॅनल भिंतीवर कायमचा, वीज कायमची, नेट कायमचं, तिथं हीच गोष्ट बटण दाबल्यासरशी होते. तिथले शिक्षक जास्त हुशार आहेत असं काही नाही, त्यांचा मांडामांडीचा वेळ शून्य आहे.

आता पैशाचं बघू. २०१५ मध्ये राज्यात प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत गावोगाव 'डिजिटल शाळा' झाल्या, त्यातल्या खूपशा लोकवर्गणीतून. शिक्षकांनी स्वतःच्या पगारातून पैसे घातले, गावानं घातले, मुंबई-पुण्यात कामाला असलेल्या पोरांनी पाठवले. मनापासून सांगतो, ते दिवस भारी होते. पण टीव्ही घ्यायला वर्गणी मिळते, दुरुस्तीला मिळत नाही. टीव्हीच्या वर पाटी लावता येते, सौजन्य अमुक. पॉवर सप्लाय बोर्ड बदलला त्याच्यावर कुणाचं नाव टाकणार?

शाळेच्या हातात जो पैसा येतो तो मुख्यतः समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या संयुक्त शाळा अनुदानाचा. त्याचा निकष असा आहे: ३० पर्यंत पट असला तर वर्षाला १० हजार, ३० च्या पुढं १०० पर्यंत २५ हजार, १०० च्या पुढं २५० पर्यंत ५० हजार. त्यातला निदान १० टक्के भाग स्वच्छतेवर. म्हणजे आमच्यासारख्या शाळेला २५ हजारांत खडू, रजिस्टर, झाडू, फिनेल, नळाची तोटी, दाराची कडी, लाइटबिल आणि टीव्ही-इन्व्हर्टर, सगळं. एकदा मेकॅनिक तालुक्याहून आला की त्याचं येण्याजाण्याचंच भाडं दुखतं. जिल्हा परिषदेच्या शाळांची वीज थकबाकीपायी तोडली ही बातमी पण काही नवी नाही.

आणि उन्हाळ्याची सुट्टी. दीड महिना शाळा बंद. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर आटतं, बघायला कुणी नसतं, प्लेटा उघड्या पडल्या की बॅटरी गेली. उंदरांना वायरी आवडतात. वळवाचा पाऊस, विजा, कौलांतून गळती. १५ जूनला आपण कुलूप काढतो (विदर्भात जूनच्या शेवटाला) आणि वर्षाची पहिली तक्रार तिथंच जन्माला येते.

प्रोजेक्टरचं तर बोलूच नका. प्रोजेक्टरला काळा रंग दाखवताच येत नाही, तो फक्त उजेड टाकतो, जिथं उजेड टाकत नाही ती जागा आपल्याला काळी वाटते. म्हणजे भिंत मुळात अंधारात पाहिजे. आमच्या वर्गाला दोन खिडक्या, त्यातल्या एकीला झडप नाही. दुपारी १२ ला पडद्यावर जे दिसतं ते बघून पोरं विचारतात, सर चालू झालं का? खिडक्या झाकल्या की एप्रिलमध्ये खोलीची भट्टी होते. त्यापेक्षा टीव्ही परवडला, पण शेवटच्या ओळीतल्या पोराला टीव्हीवरची अक्षरं वाचता येत नाहीत, त्याला फक्त रंग हलताना दिसतात.

बरं, समजा हे सगळं नीट आहे. तरी मिनिटं कुठं जातात? इथं मला जरा राग येतो, सांभाळून घ्या.

शाळेत तंत्रज्ञान सगळ्यात जास्त वापरलं जातं ते शिकवायला नाही, माहिती वर पाठवायला. शाळेचा ११ अंकी यूडायस नंबर, महाराष्ट्राचा २७ पासून सुरू होणारा, तो मला झोपेत विचारला तरी सांगता येतो. २०१५ पासून सरल (शाळेची आणि पोरांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल), पगाराला शालार्थ, पोषण आहाराचा रोजचा आकडा, पोरांचं आधार, आता १२ अंकी अपार (पोराचा कायमचा शैक्षणिक नंबर), चाचण्यांचे गुण, प्रशिक्षणाच्या लिंका, वृक्षारोपणाचे फोटो. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर मेसेज येतो, "सर्वांनी लिंक आजच भरून स्क्रीनशॉट टाकणे, अत्यंत तातडीचे." ११:१० ला येतो, तेव्हा परिपाठ नुकताच संपलेला असतो. आणि हे सगळं होतं कशावर, तर मास्तरच्या स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या नेटवर, ओटीपी स्वतःच्या नंबरवर.

एक उदाहरण जवळून दाखवतो. आमच्याकडं एक ज्ञानेश्वर आहे. दाखल-खारीज रजिस्टरला ज्ञानेश्वर, स्वच्छ मराठीत. आधारवर इंग्रजीत त्याचं नाव 'डी-एन-वाय' नं सुरू होतं. आधीच्या शाळेनं ऑनलाइन भरताना 'जी-वाय' नं लिहिलं. आपल्याला दोन्हीत एकच पोरगं दिसतं. कॉम्प्युटर नाव वाचत नाही, अक्षरं एकाखाली एक ठेवून जुळवतो, पहिलंच अक्षर जुळलं नाही, संपलं. त्याच्या लेखी ही दोन पोरं. मग आधार दुरुस्तीला बापानं एक दिवसाचा रोज बुडवून तालुक्याला जायचं. आणि हे सोडून पण देता येत नाही, कारण संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवायला, आधार जुळलेलीच पोरं धरण्याचा आग्रह असतो. ज्ञानेश्वर रोज पहिल्या ओळीत बसतो, पण तो 'डी' आणि 'जी' च्या मध्ये अडकला तर त्याच्या मास्तरचं पद हलू शकतं.

साइट बंद पडण्याचं पण लोकांना नवल वाटतं. यात गूढ काही नाही. एसटी स्टँडवर तिकिटाच्या दोन खिडक्या आहेत आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी सगळा तालुका रांगेत आला, तसंच. सगळ्या राज्याला शेवटची तारीख एकच, सगळे शेवटच्या दोन दिवसांत येतात, सर्व्हरच्या खिडक्या ठरलेल्या. म्हणून मी एकदा एका पोर्टलवर (नाव राहू द्या) ४१ पोरांची माहिती पहाटे ४ ला उठून भरली, सुसाट चालली. ३९ व्या पोराला त्यानं मला बाहेर काढलं आणि परत आत घेतलं तेव्हा ३१ पोरंच होती. त्या दिवशी पहिल्या तासाला मी काय शिकवलं असेल तुम्हीच ओळखा.

मराठी टायपिंगचा घोळ वेगळाच. जुन्या मास्तरांनी वर्षानुवर्षं प्रश्नपत्रिका श्रीलिपी, कृतीदेव असल्या फॉन्टात टाइप केल्या. त्या जुन्या फॉन्टांची युक्ती अशी की कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजी अक्षरंच साठवतोय, फक्त त्या अक्षरांना मराठीचा मुखवटा चढवलेला. ज्या कॉम्प्युटरवर तो मुखवटा नाही तिथं फाइल उघडली की सगळी खिचडी. युनिकोडमध्ये 'क' ला स्वतःचा नंबर आहे, तो कुठंही गेला तरी 'क' च राहतो. एवढी एक गोष्ट कुणी १० मिनिटांत समजावून सांगितली असती तर किती जणांच्या रात्री वाचल्या असत्या. ट्रेनिंगमध्ये मात्र आम्हाला स्मार्ट बोर्डचे १४ रंग दाखवले.

ट्रेनिंग वरून खाली येतं, राज्याचे लोक जिल्ह्याला, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला. कानगोष्टीचा खेळ आठवा, पहिल्याच्या कानात 'आंब्याची कोय' सांगितली की शेवटचा 'सांगलीची सोय' म्हणतो. ऑनलाइन कोर्स आले तेव्हा हा प्रश्न सुटेल असं वाटलं, तर आम्ही व्हिडिओ म्यूट करून लावून ठेवायला आणि खाली वह्या तपासायला शिकलो. सर्टिफिकेट सगळ्यांकडं आहेत. माझ्याकडं पण.

ट्रेनिंगमधली खरी कमतरता कळायला एक जुनी कल्पना कामाला येते. अमेरिकेतले ली शुलमन १९८६ मध्ये म्हणाले की विषय येणं वेगळं आणि तो विषय पोरांना कसा शिकवायचा ते येणं वेगळं. पुढं २००६ मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतले पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तिसरी गोष्ट घातली, साधन. तीन वर्तुळं काढा, एक विषयाचं, एक शिकवण्याचं, एक साधनाचं. तिन्ही जिथं एकमेकांवर येतात तेवढीच जागा वर्गात कामाची. आमचं ट्रेनिंग फिरतं तिसऱ्या वर्तुळाच्या कडेकडेनं, हे बटण दाबा, तिथं क्लिक करा.

अपूर्णांक घ्या. १/३ मोठा की १/४ हे चौथीला विचारा, निम्मी पोरं १/४ म्हणणार, कारण ४ हे ३ पेक्षा मोठे. हे चुकणार आहेत आणि का चुकणार आहेत ते माहीत असणं हे दुसरं वर्तुळ. आता व्हिडिओ लावला तर त्यात पिझ्झा कापतात. आमच्या निम्म्या पोरांनी पिझ्झा फक्त त्या व्हिडिओतच बघितलाय. पण चतकोर भाकरी प्रत्येकाला माहीत. तिघांत एक भाकरी वाटली तर जास्त येते का चौघांत, असं विचारलं की वर्ग हसतो आणि उत्तर येतं. म्हणजे तिन्ही वर्तुळं कळणारा मास्तर त्या दिवशी टीव्हीचं कव्हर काढणारच नाही. बाहेरून मात्र तो टीव्ही न वापरणारा मास्तर दिसतो.

भाषेचं पण तसंच. व्हिडिओतल्या ताई शुद्ध मराठीत, न थांबता बोलतात. मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीत गोंडी, खानदेशात अहिराणी, तिथल्या पहिलीतल्या लेकराला ते कसं झेपणार? तिथला मास्तर त्याच्या भाषेतले दहा शब्द शिकून जे करतो ते ॲपला अजून जमत नाही. एआय आता दोन मिनिटांत पाठाचं टाचण लिहून देतं, मी वापरतो, लपवत नाही, पण त्याच्या गणितात प्रत्येक मुलाकडं सफरचंदंच असतात आणि मराठी तर अशी की आधी मलाच दुरुस्त करायला लागते.

कुणी म्हणेल सगळा रडका सूर लावलाय. तर चांगलं पण सांगतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, १० लाख डॉलर, आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम बाकीच्या ९ फायनलिस्टना वाटली. त्यांचं नाव झालं पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळं. त्यातली अक्कल मला अशी वाटते, की त्यांनी नवीन यंत्र आणलं नाही, जे पुस्तक पोराच्या दप्तरात रोज असतंच त्याच्यावर दार काढलं. शोधाशोध गेली, मांडामांड जवळजवळ गेली. आता बालभारतीच्या पुस्तकांत कोड असतात, ते २०१७ मध्ये आलेल्या दीक्षा या सरकारी ॲपवर उघडतात. अट एकच, घरी फोन पाहिजे आणि त्यात नेट पाहिजे. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा ही अट किती मोठी आहे ते कळलं. अभ्यास रोज व्हॉट्सॲपवर यायचा, पण घरातला एकुलता फोन बापाच्या खिशात आणि बाप ऊसतोडीला. मी झेरॉक्स काढून वस्तीवर वाटत फिरलो, तो माझा ऑनलाइन वर्ग.

फोटोंचं एक राहिलं. प्रत्येक उपक्रमाचा फोटो मागतात, आम्ही टाकतो, पोरांच्या चेहऱ्यांसकट, ग्रुपमध्ये शंभर माणसं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो की १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर आईबापाची संमती पाहिजे. यावर आमच्या शिक्षण परिषदेत अजून एक शब्द निघालेला मी ऐकला नाही, आणि मी पण विचारलेलं नाही.

तर मी काय वापरतो? फोन, फ्लाइट मोडवर. नेट नको, लाइट नको, लिंक येत नाही. त्यातलं फक्त आवाज रेकॉर्ड करायचं बटण. तिसरीतल्या एकेकाला जवळ बोलवायचं, पुस्तकातल्या चार ओळी वाचायला लावायच्या, लगेच त्यालाच ऐकवायच्या. पाऊण मिनिट वाचन, पाऊण मिनिट ऐकणं, मांडामांड ५ सेकंद. तेवढ्यात बाकीची पोरं गणितं सोडवतात आणि मान वळवून बघण्यासारखं काहीच नसतं. आईबाप सुरुवातीला म्हणाले पोरांच्या हातात मोबाइल कशाला देता, त्यांना त्यांच्या पोरांचा आवाज ऐकवला, ते गप्प ऐकत बसले.

परवा एका पोरीनं वाचलं. एकेक अक्षर दाबत, 'प्रकाश' ला अडकली, परत मागं गेली, पुढं गेली. मी काहीच बोललो नाही, फोन तिच्या हातात दिला. तिनं तो मामाचा फोन आल्यासारखा कानाला लावला आणि ऐकत राहिली. 'प्रकाश' आलं तसे तिचे ओठ हलले, या वेळी न अडकता. फोन खाली घेतला आणि म्हणाली, "सर, हे पुसा. मी परत वाचते."